वाचकांचे प्रश्न : ज्युदोच्या मॅटवरची अठरा वर्षे

ज्युदोविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख एकाच प्रश्नाकडे होता : या खेळात आंतरराष्ट्रीय पातळीवरची कारकीर्द नेमकी कशी घडते आणि कशी संपते? म्हणून या वेळच्या सदरात निवडक पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहोत. आलेली पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी तालमीत कुस्ती शिकल्यानंतर आता ज्युदोकडे वळली आहे. घरातले सगळे विचारतात, की या खेळात पुढे काय? आंतरराष्ट्रीय ज्युदोपटूची कारकीर्द म्हणजे नेमके काय असते, ती किती वर्षे टिकते, हे एखाद्या खेळाडूच्या उदाहरणाने सांगाल का? (एक पालक, इचलकरंजी)

उत्तर : उदाहरण एकच द्यायचे तर मी जपानच्या रिओको तानीचे देईन. लग्नापूर्वी ती रिओको तामुरा या नावाने खेळत असे आणि जुन्या निकालपत्रकांत तेच नाव सापडते. पाच ऑलिंपिक स्पर्धांत पाच पदके, त्यांतली दोन सुवर्ण, आणि सात जागतिक विजेतेपदे एवढा तिचा हिशेब आहे. मात्र तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या पदकांच्या मधल्या वर्षांत अधिक आहे.

तिचा जन्म 6 सप्टेंबर 1975 रोजी फुकुओका येथे झाला. उंची 146 सेंटिमीटर, वजनगट महिलांमधला सर्वांत हलका, म्हणजे 48 किलोचा. 1990 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, आपल्याच शहरात होणाऱ्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने ब्रिटनच्या कॅरन ब्रिग्जला हरवले. ब्रिग्ज तोवर चार वेळा जागतिक विजेती झालेली होती, त्यामुळे शाळकरी मुलीचा हा विजय जपानमध्ये पहिल्या पानावरची बातमी झाला. एका लोकप्रिय चित्रकथेतील ज्युदोपटू नायिकेचे नाव तिला टोपणनाव म्हणून चिकटले आणि ते शेवटपर्यंत सुटले नाही.

काळही तिच्या बाजूने होता, हे विसरून चालणार नाही. महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा 1980 मध्ये न्यूयॉर्कला भरली, आणि ती भरवण्यासाठी रस्टी कानोकोगी या अमेरिकन ज्युदोपटूने स्वतःचे घर गहाण टाकले होते. याच कानोकोगीने 1959 मध्ये छाती घट्ट बांधून, पुरुष असल्याचे भासवून एका पुरुषांच्या स्पर्धेत पदक जिंकले होते आणि ती स्त्री आहे हे कळताच ते पदक तिच्याकडून परत घेण्यात आले होते. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये महिला ज्युदो केवळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला, आणि 1992 मध्ये बार्सिलोनाला त्याला पदकांचा दर्जा मिळाला. तामुरा नेमकी त्याच वर्षी, सतरावे वर्ष पूर्ण होण्याआधी, तिथे पोहोचली. पाच वर्षे आधी जन्मली असती तर तिच्या वाट्याला ऑलिंपिकच्या चारच संधी आल्या असत्या.

बार्सिलोनात उपांत्य फेरीत तिने पुन्हा ब्रिग्जला हरवले, पण अंतिम फेरीत फ्रान्सच्या सेसिल नोवाककडून ती हरली. पुढच्या वर्षी कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये पहिले जागतिक विजेतेपद, मग 1995, 1997, 1999, 2001 आणि 2003 अशी दर दोन वर्षांनी एकेक भर. मध्ये 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पुन्हा रौप्य. म्हणजे जागतिक पातळीवर जिला हरवणे जवळजवळ अशक्य मानले जात होते, तिला ऑलिंपिकच्या सुवर्णासाठी पहिल्या प्रयत्नानंतर आठ वर्षे थांबावे लागले. सिडनीला जाताना तिने जाहीर केले होते, की उत्तमात उत्तम झाले तर सुवर्ण आणि वाइटात वाईट झाले तरी सुवर्णच. तिथे रशियाच्या ल्युबोव ब्रुलेतोवाला तिने अंतिम फेरीत अवघ्या चाळीसेक सेकंदांत ‘उचिमाता’ टाकून पाठीवर आपटले. प्रतिस्पर्ध्याच्या दोन मांड्यांमध्ये आपला पाय घालून तिला वर उचलून फिरवायचे, असा हा डाव आहे. पाठ जोरात, वेगाने आणि पूर्ण टेकली की पंच ‘इप्पोन’ देतात आणि लढत तिथेच संपते.

2004 च्या अथेन्स ऑलिंपिकपूर्वी सराव करताना घोट्याला दुखापत झालेली असूनही तिने फ्रान्सच्या फ्रेदेरिक जोसिनेला हरवून सुवर्ण राखले. 2008 मध्ये बीजिंगला कांस्य मिळाले, आणि त्यानंतर ती मोठ्या स्पर्धेत उतरली नाही. निवृत्तीची औपचारिक घोषणा झाली ती 2010 मध्ये.

आता ‘किती वर्षे’ हा तुमचा प्रश्न. 1990 ते 2008 ही अठरा वर्षे अपवादात्मक आहेत, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे. गुडघा, खांदा आणि बोटांचे सांधे हे ज्युदोपटूचे कच्चे दुवे असतात. बोटांकडे नवख्यांचे लक्ष जात नाही, परंतु जाड विणीच्या ज्युदोगीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, कॉलर आणि बाही घट्ट धरून ठेवायची, समोरचीने ती हिसकावून सोडवायची, आणि हे प्रत्येक लढतीत शेकडो वेळा, असे वर्षानुवर्षे चालते. अनुभवी खेळाडूंच्या बोटांना गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी दिसते ती त्यासाठीच. तानीला हे सारे चुकले नव्हते. तिच्यामागे विद्यापीठाचे प्रशिक्षण, पुढे टोयोटासारख्या कंपनीतली नोकरी आणि देशातल्या देशात रोज सरावाला मिळणाऱ्या अव्वल जोडीदारणी होत्या. हा आधार नसता तर केवळ गुणवत्तेवर ती अठरा वर्षे उभी राहिली असती, असे मला वाटत नाही.

प्रश्न : सलग 84 लढती जिंकलेली खेळाडू अटलांटाच्या अंतिम फेरीत एका अनोळखी मुलीकडून कशी हरली? तो केवळ नशिबाचा भाग होता का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नशीब म्हणणे त्या दुसऱ्या मुलीवर अन्याय करणारे होईल. उत्तर कोरियाची क्ये सुन-हुई तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती आणि तिला विशेष प्रवेशाने स्पर्धेत घेतले गेले होते. तिचा देश बाहेरच्या स्पर्धांत क्वचितच खेळाडू पाठवत असल्यामुळे ती कोणत्या हाताने पकड घेते, कोणत्या बाजूने डाव टाकते, दमल्यावर काय करते, याची माहिती जपानी प्रशिक्षकांकडे जवळजवळ नव्हती. उलट तामुराची प्रत्येक लढत चार वर्षे सगळ्यांनी चाळून पाहिलेली होती.

ज्युदोत हा फरक फार मोलाचा असतो, कारण लढत डावाने सुटत असली तरी तिचा पाया पकडीत घातला जातो. ज्याला हवी तशी पकड आधी मिळते, त्याच्या हातात लढतीची लगाम येते. समोरच्याची सवय ठाऊक असेल तर ती पकड मिळू न देण्याची तयारी महिनोन्‌महिने करता येते. सवय ठाऊक नसेल, तर ती लढत चालू असतानाच ओळखावी लागते आणि तोवर वेळ निघून जातो. तामुराच्या बाबतीत तेच झाले, असे माझे मत आहे.

क्ये पुढे वजनगट वाढवत गेली आणि त्या वरच्या गटांत चार वेळा जागतिक विजेती झाली. सिडनीत कांस्य आणि अथेन्समध्ये रौप्यही तिने मिळवले. तेव्हा अटलांटाची लढत ही एका मोठ्या खेळाडूने दुसऱ्या, होऊ घातलेल्या मोठ्या खेळाडूकडून खाल्लेली हार होती. फक्त ते त्या दिवशी कुणाला माहीत नव्हते. फ्रान्सचा तेदी रिनेर 2010 ते 2020 या काळात सलग 154 लढती जिंकला आणि पॅरिसमध्ये, घरच्या प्रेक्षकांपुढे, जपानच्या कोकोरो कागेउराकडून हरला. तेव्हा मात्र अनोळखीपणाचा प्रश्न नव्हता, कारण आता जवळजवळ प्रत्येक लढतीचे चित्रण सर्वांना उपलब्ध असते.

प्रश्न : मूल झाल्यानंतर परतलेल्या तानीला देशांतर्गत स्पर्धेत हार पत्करूनही ऑलिंपिकसाठी निवडले, असे वाचले. आपल्याकडे असे घडले असते तर आपण सरळ वशिला म्हटले असते. ते न्याय्य होते का? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : तुमचा प्रश्न बोचरा आहे आणि योग्यही आहे. आधी घटनाक्रम पाहू. डिसेंबर 2003 मध्ये तिने बेसबॉलपटू योशितोमो तानीशी विवाह केला. अथेन्सपूर्वी ती म्हणाली होती, की तामुरा म्हणून सुवर्ण, तानी म्हणूनही सुवर्ण. 2005 च्या अखेरीस मुलगा झाला. त्यामुळे त्या वर्षीची कैरोची जागतिक स्पर्धा ती खेळली नाही. बीजिंगच्या आधीचे तिचे वाक्य ‘आई झाले तरी सुवर्ण’ असे होते, आणि जपानी वृत्तपत्रांनी ते डोक्यावर घेतले.

एप्रिल 2007 मध्ये ती राष्ट्रीय वजनगट स्पर्धेत उतरली आणि अंतिम फेरीत तोमोको फुकुमीकडून हरली. याच फुकुमीने 2002 मध्ये, सोळा वर्षांची शाळकरी मुलगी असताना, तिची 65 विजयांची मालिका खंडित केली होती. तरीही रिओ द जानेरोच्या जागतिक स्पर्धेसाठी निवड समितीने तानीचेच नाव दिले. कारण सांगितले गेले ते तिच्या आंतरराष्ट्रीय कामगिरीचे. तानी रिओला गेली, अंतिम फेरीत 2005 ची जागतिक विजेती असलेल्या क्यूबाच्या यानेत बेर्मोयला हरवून तिने सातवे विजेतेपद मिळवले आणि समितीची बाजू राखली. एप्रिल 2008 मध्ये पुन्हा तीच गोष्ट घडली. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत एमी यामागिशीने तिला हरवले, आणि बीजिंगचे तिकीट पुन्हा तानीला मिळाले.

माझे मत विचाराल तर यामागिशीच्या बाबतीत समितीला निदान रिओच्या ताज्या विजेतेपदाचा आधार तरी होता. 2007 मध्ये फुकुमीवर मात्र अन्याय झाला. दोन वर्षे मॅटबाहेर असलेल्या खेळाडूला समोरासमोर हरवूनही जिला घरी बसावे लागते, तिला निवड स्पर्धेचा अर्थ काय म्हणून सांगायचा? निकालाने तो निर्णय शहाणपणाचा ठरला असेल, पण निकाल नंतर लागतो आणि न्याय आधी द्यावा लागतो. वशिला हा शब्द मी वापरणार नाही, कारण समितीने निकष उघड सांगितले होते. लोकप्रियतेचे वजन त्या निकषांत मिसळलेले नव्हते, असे मात्र छातीठोकपणे म्हणवत नाही.

बीजिंगमध्ये उपांत्य फेरीत तानी रोमानियाच्या अलिना दुमित्रूपुढे डाव टाकून नव्हे, तर दंडावर हरली. दोघीही पकडीसाठी झटापट करीत राहिल्या, गुण कुणाचाच होईना, आणि अखेरीस निष्क्रियतेचा दंड तानीच्या नावावर लागला. दुमित्रूने पुढे सुवर्ण जिंकले. तानीने कांस्यपदकाची लढत रशियाच्या ल्युदमिला बोग्दानोवावर इप्पोन मिळवून संपवली, आणि तिच्या पाच पदकांत मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो या पदकाचा. बत्तीस वर्षांची खेळाडू, काही वेळापूर्वी सुवर्णाची आशा मावळलेली, आणि तरी पुढची लढत पूर्ण ताकदीने.

फुकुमीची कथा इथे संपत नाही. 2009 मध्ये रॉटरडॅमला ती जागतिक विजेती झाली, अखेर 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेली, आणि तिलाही उपांत्य फेरीत त्याच दुमित्रूने हरवले. कांस्यपदकाच्या लढतीत ती हंगेरीच्या एवा चेर्नोविचकीकडून हरून पदकाशिवाय परतली.

प्रश्न : इतकी वर्षे एकाच, तेही सर्वांत हलक्या वजनगटात राहणे आरोग्याच्या दृष्टीने कसे जमते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तानीची उंची आणि शरीराची ठेवण मुळातच त्या गटाला साजेशी होती, ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी शिस्तीची. तिच्या काळात वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी घेतले जाई, त्यामुळे आदल्या दिवशी पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरवणारी मुलगी त्याच थकव्यात लढायला उभी राही. आता वजन आदल्या दिवशी घेतात, आणि स्पर्धेच्या सकाळी काही खेळाडूंना चिठ्ठीने निवडून पुन्हा काट्यावर उभे करतात. त्या वेळी मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वजन भरले तर खेळाडू बाद होतो. 48 किलोच्या गटात ही सीमा 50.4 किलोची येते. वाढीच्या वयातल्या मुलींनी वजन तोडून खालच्या गटात घुसण्याचा हट्ट धरू नये, एवढे पालकांनी पाहावे.

प्रश्न : निवृत्तीनंतर तानीने काय केले? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : जुलै 2010 मध्ये ती जपानच्या तत्कालीन सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाच्या वतीने संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आली. खासदारकी सांभाळून लंडनची तयारी करण्याचा तिचा विचार होता, त्यावर टीकाही झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने खेळ थांबवला. 2016 मध्ये तिची सहा वर्षांची मुदत संपली. राजकारणात तिची छाप मॅटवरच्या मानाने फारच फिकी राहिली.

प्रश्न : आज भारतातल्या खेळाडूला आंतरराष्ट्रीय ज्युदोत पोहोचायचे तर मार्ग कोणता? आपले खेळाडू ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत का हरतात? (एक क्रीडाशिक्षक, पणजी)

उत्तर : तानीच्या काळातला मार्ग आता बदललेला आहे. 2009 पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची जागतिक क्रमवारी सुरू झाली आणि लंडनपासून ऑलिंपिकचा प्रवेश मुख्यतः तिच्यावरच ठरतो. पॅरिस 2024 साठी प्रत्येक वजनगटात क्रमवारीतल्या पहिल्या सतरा जणांना, एका देशातून एकच या अटीवर, थेट प्रवेश होता. उरलेल्या थोड्या जागा खंडनिहाय वाटल्या गेल्या. एका देशातून एकच खेळाडू या नियमामुळे जपान किंवा फ्रान्सची दुसऱ्या क्रमांकाची मुलगी, जी जगात तिसरी असू शकते, घरी राहते, आणि यामागिशीचे दुःख आजही कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतच असते.

क्रमवारीचे गणित खर्चिक आहे. खंडीय पातळीवरच्या खुल्या स्पर्धेत विजेत्याला 100 गुण मिळतात, ग्रां प्रीमध्ये 700, ग्रँड स्लॅममध्ये 1000 आणि जागतिक स्पर्धेत 2000. म्हणजे ताश्कंद, पॅरिस, अबूधाबी अशा ठिकाणी वर्षभर फिरून सातत्याने वरच्या फेऱ्या गाठल्याशिवाय थेट प्रवेश मिळत नाही. युरोपातला खेळाडू आगगाडीने जाऊन अशा स्पर्धा आणि त्यांना जोडून होणारी सराव शिबिरे गाठतो. मणिपूरच्या किंवा पंजाबच्या खेळाडूला प्रत्येक वेळी विमान, व्हिसा आणि मंजुरी लागते. टोक्योला गेलेली सुशीलादेवी लिकमाबाम आणि पॅरिसला गेलेली तूलिका मान या दोघींनाही खंडीय कोट्यातूनच प्रवेश मिळाला. असा खेळाडू मानांकनाशिवाय खेळतो आणि सोडतीत पहिल्याच फेरीत त्याच्यापुढे एखादा मुरलेला पदकविजेता येतो. सुशीलादेवीपुढे टोक्योत चेर्नोविचकी आली, म्हणजे लंडनला फुकुमीला रोखणारीच, आणि तूलिकापुढे पॅरिसमध्ये क्यूबाची माजी ऑलिंपिक विजेती इदालिस ओर्तिस.

म्हणून पहिल्या फेरीतल्या हारेला केवळ खेळाडूला जबाबदार धरणे मला पटत नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत, जिथे जपान आणि कोरिया नसतात, सुशीलादेवीने 2014 आणि 2022 मध्ये रौप्य मिळवलेच आहे. 2022 मध्ये साराएवोला मणिपूरच्या लिंथोई चनम्बमने 57 किलो गटात कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालील, जागतिक विजेतेपद जिंकले, आणि ज्युदोच्या कोणत्याही वयोगटात भारताला मिळालेले ते पहिलेच जागतिक सुवर्ण होते. कर्नाटकातल्या विजयनगर येथील संस्थेत ती जॉर्जियाच्या प्रशिक्षकाकडे शिकत होती. रोजच्या सरावाचा दर्जा बदलला की काय होते, याचे हे ताजे उदाहरण आहे. पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये कपिल परमारने दृष्टिबाधितांच्या ज्युदोत मिळवलेले कांस्यही या यादीत धरले पाहिजे.

प्रश्न : (इचलकरंजीच्या पालकांनी पत्राच्या शेवटी जोडलेला) तालमीत शिकलेल्या कुस्तीचा ज्युदोत उपयोग होतो की उलट अडचण होते?

उत्तर : दोन्ही. तोल सांभाळण्याची समज, जमिनीवरची ताकद आणि दमसास हे थेट उपयोगी पडतात. धोबीपछाड चांगली टाकणाऱ्या मुलीला ‘सेओइ-नागे’ शिकायला वेळ लागत नाही, कारण दोन्हींत समोरच्याच्या पोटाखाली शिरून त्याला खांद्यावरून पुढे आणायचे असते. अडचण आहे ती पटाची. 2010 पासून उभ्याने थेट पायाला हात घालण्यावर निर्बंध आले आणि 2013 पासून कंबरेखाली हाताने पकडण्यावर पूर्ण बंदी झाली. तानीच्या काळात हे चालत असे, आता दंड होतो, आणि तीन दंड झाले की लढत हातची जाते. कुस्तीतून आलेल्या मुलींचा हात सवयीने समोरचीच्या गुडघ्याकडे जातो, विशेषतः त्या दमलेल्या असताना. त्यामुळे पहिले काही महिने दोन्ही हात ज्युदोगीवरून न सोडता सराव करून घ्यायला प्रशिक्षकांना सांगा. शिवाय ज्युदोत पाठीवर पडण्याचे तंत्र वेगळे शिकवतात, मान आत घेऊन तळहाताने मॅटवर थाप मारण्याचे. कुस्तीतल्या मुली पाठ टेकू नये म्हणून हवेतच अंग पिळून हात टेकवतात आणि कोपर दुखावून घेतात. तुमच्या मुलीने हे पडणे अंगवळणी पाडल्याशिवाय तिला स्पर्धेत उतरवण्याची घाई करू नका.